डाव्या अंगाचा ब्रेक

मी आइस हॉकी खेळते असं सांगितलं की उज्जैनमध्ये लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठे?" गेली पंधरा वर्षं हा प्रश्न मी ऐकते आहे आणि त्याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. जूनच्या दुपारी जिथे डांबराला चप्पल चिकटते, त्या गावातली बाई बर्फावर कुठे खेळणार? एकदा मी चिडून "फ्रीजमध्ये" असं सांगितलं. त्यानंतर वर्षभर गल्लीतल्या बायका मला फ्रीजवाली म्हणत होत्या. मी फ्रीगंजमध्येच राहते, त्यामुळे त्यांना ते फारच जमून आल्यासारखं वाटलं.

खरं उत्तर असं की मी वर्षाचे साडेअकरा महिने सिमेंटवर चाकांच्या स्केट्स घालून खेळते आणि उरलेले दोन आठवडे लडाखात बर्फावर. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला. तेव्हापासून बर्फावरचा प्रत्येक दिवस मी एका वहीत लिहून ठेवला आहे. आज मी एकतीस वर्षांची आहे आणि ते दिवस भरतात दोनशे एकोणीस. परदेशातली एखादी मुलगी एवढे दिवस एका हिवाळ्यात खेळत असेल. मी देशाच्या शिबिरांना सात वेळा गेले, दोनदा बाहेर जाऊन खेळले, आणि पोटासाठी एका खाजगी शाळेत मुलांना पीटी शिकवते. खेळण्याचा पगार मला कधी कुणी दिला नाही. एक हंगाम तरी कुणीतरी मला खेळण्यासाठी पगार द्यावा, सकाळी उठून फक्त खेळायला जावं, एवढीच माझी इच्छा होती. ती एका ब्रेकवर अडकली. त्या ब्रेकबद्दल मला एकदाचं सगळं सांगून टाकायचं आहे.

मला स्केटिंग शिकवलं ते आमच्या सरांनी. सर रेल्वेतून निवृत्त झालेले, आमच्यासारखेच उज्जैनचे मराठी. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि मैदानावर दोन्हींची खिचडी. एका शाळेच्या मागचा सिमेंटचा चौकोन त्यांनी मागून घेतला होता आणि तिथे पहाटे आम्ही वीस-पंचवीस पोरं फेरे मारायचो. स्केट्स सरांच्याच, दिल्लीहून मागवलेल्या. चाकं रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकची. खडबडीत सिमेंटवर पाय आडवे करून कचकन ब्रेक मारला की ती एका बाजूने खरवडली जातात, आणि महिन्याभरात चाकाचा मोदक होतो. म्हणून सरांचा एकच नियम होता. पाय आडवे करायचे नाहीत. थांबायचं असेल तर गोल फिरायचं, फिरत फिरत वेग मारायचा आणि मग उभं राहायचं.

"पहिये घासू नको गं बेटा, गोल फीर, गोल फीर," हे वाक्य मी दहाव्या वर्षापासून एवढ्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा मी गोल फिरूनच थांबत असेन. आम्हाला त्याचा अभिमानही होता. इंदूरची पोरं चाकं खायची, आमचा एक संच दोन वर्षं चालायचा आणि मग धाकट्या पोरांना जायचा. जिल्ह्यात काटकसरीचं बक्षीस असतं तर सरांना दर वर्षी मिळालं असतं.

स्केटिंगचे फेरे नेहमी डावीकडे वळत मारतात. म्हणजे आमचं गोल फिरणंही डावीकडेच. सोळाव्या वर्षी बर्फावर गेले तेव्हा कळलं की इथे थांबायची रीत एकच. दोन्ही पाय एकदम आडवे टाकायचे, ब्लेडने बर्फाचा फवारा उडतो आणि माणूस जागच्या जागी उभा राहतो. लगेच उलट दिशेला पळता येतं. आइस हॉकीत हेच सगळं आहे. पळण्यापेक्षा थांबणं जास्त वेळा लागतं. उजव्या अंगाला वळून असा ब्रेक मारायला मी चार दिवसांत शिकले, कारण उजव्या अंगाला काही सवयच नव्हती. डाव्या अंगाला मात्र पाय आडवे पडायच्या आधीच शरीर गोल फिरायला लागायचं. मी डोक्यात ओरडायचे, थांब, थांब, आणि पाय आपले सरांचं ऐकायचे.

दर वर्षी चौदा दिवस मिळायचे. त्यातले दोन उंचीची सवय व्हायला झोपून काढायचे, दोन सामने, एक दिवस बर्फ खराब. उरलेल्या दिवसांत शिकवणारे वेग शिकवायचे, पास शिकवायचे. तीस मुलींत एकीचा डावा ब्रेक दुरुस्त करायला कुणाला वेळ असणार? आणि मी तो दाखवायचेच नाही. उजवीकडे थांबावं लागेल अशाच बाजूला उभी राहायचे. पंधरा वर्षं मी मैदानाचा अर्धाच भाग वापरून खेळले आणि कुणाच्या लक्षात येऊ दिलं नाही. बरी चपळ होते, त्यात खपून गेलं.

परत आल्यावर दर वर्षी ठरवायचे की यंदा चाकांवर डावा ब्रेक घोटून घ्यायचा. मग सरांकडे जायचे. सरांच्या चौकोनावर, सरांच्या स्केट्स घालून, सरांच्या देखत पाय आडवे टाकायचे? माझी हिंमत नव्हती. एकदा टाकले होते.  त्यांनी माझी स्केट काढून घेऊन मांडीवर ठेवली आणि खरवडलेल्या चाकावरून अंगठा फिरवत बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग गेल्या जानेवारीतल्या शिबिराला परदेशातून एक ट्रेनरबाई आली. तिच्याकडचा बायकांचा संघ पगारी होता आणि त्यांना आमच्याकडून एक मुलगी हवी होती, एका हंगामासाठी. राहायला खोली, रोज सराव, महिन्याला पगार. आम्ही तीस जणी, जागा एक. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तिने चौघींना निवडलं आणि त्यात मी होते. घरी फोन केला तर आई रडली. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, ते म्हणाले, "लिहून घे हं त्यांच्याकडून सगळं. तोंडी काही मानू नको."

शेवटच्या दिवशी चौघींना दोन संघांत वाटून सामना ठेवला. सुरुवातीला मी माझ्या नेहमीच्या बाजूला होते आणि मस्त खेळले. एक गोलही केला. मध्यंतरानंतर ट्रेनरबाईने काठीने खूण केली आणि मला दुसऱ्या बाजूला पाठवलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला पाहायचंच होतं.

समोरून चौघींतलीच लडाखची एक मुलगी पक, म्हणजे आमची रबराची चकती, घेऊन आली. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, गावच्या तळ्यावर खेळून वाढलेली. तिने एकदम दिशा बदलली. मला तिथेच, डाव्या अंगाला, जागच्या जागी थांबून तिच्या वाटेत उभं राहायचं होतं. मी गोल फिरले. दोन सेकंद माझी पाठ तिच्याकडे होती. फिरून तोंड केलं तोवर पक जाळ्यात होता. पाच मिनिटांनी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी ती मुद्दाम त्याच बाजूने आली, कारण तिला कळलं होतं. खेळाडू म्हणून मला तिचं कौतुक वाटलं. माणूस म्हणून वाटलं नाही.

सामना संपल्यावर ट्रेनरबाईने मला बाजूला बोलावलं. तिचं इंग्रजी सोपं होतं आणि आवाज मऊ होता. तिने विचारलं, "कुणी अंगावर आलं की तू पाठ फिरवतेस. तुला भीती वाटते का?"

भीती! माझे पुढचे दोन दात नकली आहेत, पक लागून पडले म्हणून. मनगट दोनदा मोडलं आहे. आणि मला भीती वाटते का? तिला सांगायला माझ्याकडे काय होतं? की आमच्या गावात चाकं महाग आहेत, म्हणून आम्ही गोल फिरून थांबतो? इंग्रजी मला येतं, पण तेवढ्या थंडीत, हेल्मेट हातात धरून, ही सगळी कथा कुठून सुरू करायची तेच कळेना. मी म्हटलं, "सॉरी." तिने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. जागा त्या लडाखच्या मुलीला मिळाली आणि ती तिला मिळायलाच हवी होती. मला राग तिचा आला नाही. भित्री ठरले, याचा आला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मला कुणी म्हणत असेल तर खुशाल म्हणो. माझं अंगण खरोखरच वाकडं होतं.

उज्जैनला परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर गेले. सर नव्या पोरांना शिकवत होते. सात-आठ वर्षांची एक मुलगी जोरात आली आणि तिने आपसूकच पाय आडवे टाकले, अगदी सुरेख. सर ओरडले, "पहिये! पहिये! गोल फीर!"

माझ्या डोक्याचा फ्यूज उडाला. पोरांसमोर, त्यांच्या आयांसमोर मी सरांना नाही नाही ते बोलले. तुम्ही माझं वाटोळं केलंत म्हणाले. तुम्हाला माणसापेक्षा चाक मोठं आहे म्हणाले. तुम्ही स्वतः आयुष्यात बर्फ पाहिला आहे का, असंही विचारलं. सर शिट्टी हातात धरून उभे होते. शेवटी एवढंच म्हणाले, "बेटा, तेव्हा चाकं मिळत नव्हती." मी म्हटलं, "मग शिकवायचं नव्हतं," आणि निघून आले. पुढचे चार महिने त्या रस्त्यानेही गेले नाही. शाळेला जायला लांबचा वळसा घ्यायचे. बाबा म्हणाले, "तू त्यांच्यावर खुन्नस काढून राहिली आहे. अगं, त्या माणसानं तुला फुकट शिकवलं." मला ते माहीत होतं. म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेनरबाईचा निरोप आला. संघातल्या एका मुलीने हंगाम सोडला होता आणि एक जागा मोकळी झाली होती. तिला माझा वेग आठवत होता. पण व्यवस्थापनाला दाखवायला तिला माझा एक व्हिडिओ हवा होता, ज्यात मी डाव्या अंगाला पूर्ण थांबते आहे. बर्फावर. सात दिवसांत.

जूनमध्ये. उज्जैनमध्ये. बर्फावर.

देशात जिथे जिथे बर्फाची रिंक असेल असं ऐकलं होतं, तिथे मी फोन लावले. एक दुरुस्तीला बंद होती, एकाने उचललाच नाही, एकाने सांगितलं की लहान मुलांचा वाढदिवस असेल तरच उघडतो. मग इंदूरच्या एका मॉलमध्ये गेले. तिथे काचेच्या खोलीत बर्फ पसरलेला असतो आणि लोक भाड्याचे कोट घालून फोटो काढतात. बॅगेतून स्केट्स काढल्या तशी गार्डने शिट्टी मारली. "मॅडम, चाकू अंदर अलाउड नहीं है." मी त्याला ब्लेड आणि चाकूतला फरक समजावत राहिले आणि मागे रांगेतली मंडळी माझं शूटिंग करत राहिली. तेवढा एक व्हिडिओ मात्र झाला.

चौथ्या दिवशी सर घरी आले. बाबांनी टावर चौकात पोह्याच्या गाडीवर त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. बाबांच्या पोटात काही राहत नाही. सर खुर्चीच्या कडेवर बसले, आईने दिलेलं पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवास गेटकडे माझ्या ओळखीची बर्फाची फॅक्टरी आहे. सिल्ल्या मांडून दिल्या तर चालेल का गं?"

सिल्ली म्हणजे उसाच्या रसवाले आणि मासळीवाले नेतात ती बर्फाची लादी. उभी केली तर माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढी लांब आणि दीड फूट रुंद. मला हसू आलं आणि रडूही आलं. पण तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, सकाळच्या हातगाड्या माल घेऊन गेल्यावर, मालकाने आम्हाला आत घेतलं. त्याला वाटलं मी सर्कसवाली आहे. जमिनीवर ओली पोती अंथरून त्याच्या माणसांनी बारा सिल्ल्या एकीला एक लावून मांडल्या. अठरा फुटांची पट्टी झाली. रुंदी साडेचार फूट, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बर्फ गोठवायची मिठाच्या पाण्याची उघडी टाकी. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मी हेल्मेट, पॅड, सगळा संघाचा पोशाख घालून उभी. सरांच्या हातात माझा फोन.

पहिल्या खेपेला दोन सिल्ल्यांमधल्या फटीत ब्लेडचं टोक अडकलं आणि मी भिंतीवर आपटले. एका कामगाराने बर्फाचा चुरा आणून फटी ठेचून भरल्या. दुसऱ्या खेपेला मी घाबरून उजवीकडेच थांबले. तिसऱ्या खेपेला तीन पावलं जोरात टाकली आणि डावीकडे वळले. शरीर गोल फिरायला निघालं, पण गोल फिरायला जागाच नव्हती. फिरले असते तर टाकीत गेले असते. पाय आडवे पडले. कर्र आवाज झाला, चुऱ्याचा फवारा सरांच्या पँटवर उडाला आणि मी उभी होते. जागच्या जागी. तोंड समोर.

मी ओरडले, "सर, आलं का?"

सर म्हणाले, "थांब, परत कर. मी बघून राहिलो होतो, बटण दाबायचं राहिलं."

त्यानंतर मी तो ब्रेक नऊ वेळा मारला. नऊच्या नऊ बरोबर. पंधरा वर्षं जे आलं नाही ते अर्ध्या तासात आलं, कारण अंगाला पर्याय उरला नव्हता. कामगार टाळ्या वाजवत होते. सिल्ल्या वितळून पोती भिजली होती आणि सर वाकून वाकून प्रत्येक वेळी फटी भरत होते. चार महिन्यांपूर्वी मी त्यांना बोलले होते त्याबद्दल आम्ही दोघंही काही म्हणालो नाही. मी माफी मागायला हवी होती. त्या वेळी एवढ्या आनंदात होते की तेवढं सुचलं नाही.

संध्याकाळी व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. ट्रेनरबाईने लिहिलं होतं की ब्रेक उत्तम आहे, तिला फार आनंद झाला. पण एवढ्याशा जागेत वेग दिसत नाही, पूर्ण वेगात थांबता येतं का ते व्यवस्थापनाला कळणार नाही. पूर्ण रिंकवर केलेला व्हिडिओ उद्यापर्यंत पाठवता येईल का?

मी फोन पलंगावर फेकला. आई धावत आली, तिला वाटलं काही वाईट बातमी आहे. मी तिला म्हटलं, काही नाही, त्यांना मोठा बर्फ हवा आहे. आई म्हणाली, "मग परत जा ना फॅक्टरीत, जास्त सिल्ल्या माग." तिच्यावरही ओरडले. तिची काहीच चूक नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी मी ट्रेनरबाईला उत्तर लिहिलं. आधी खूप मोठं लिहिलं होतं, त्यात सिमेंट, चाकं, सर, दोनशे एकोणीस दिवस, सगळं होतं. ते खोडलं. एकच ओळ ठेवली: आमच्या गावात बर्फ एवढाच आहे.

तिने ते वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी संघाच्या पानावर नवीन मुलीचा फोटो आला, कुठल्या तरी थंड देशातली, उंच, हसरी. मी तो बराच वेळ पाहत बसले. तिला डावीकडे थांबता येत असणार, तिला त्याचा विचारही करावा लागत नसणार.

सरांना काही सांगितलं नव्हतं. मैदानावर परत जायला लागले होते, आणि ते रोज पहाटे शिट्टी गळ्यात अडकवता अडकवता विचारायचे, "आला का गं काही निरोप?" मी म्हणायचे, वेळ लागतो सर. असं तीन आठवडे चाललं. मग एक दिवस खोटं बोलायचा कंटाळा आला.

"नाही झालं सर," मी म्हटलं. "दुसरीला घेतलं."

सर बाकावर बसले.  मग म्हणाले, "ब्रेकमध्ये काही कमी राहिली का?"

"नाही सर. ब्रेक उत्तम आहे, असं त्यांनी स्वतः लिहून पाठवलं."

"पक्का?"

"पक्का."

सरांनी मोठा श्वास सोडला आणि उठून पोरांकडे गेले. त्यांना बरं वाटलं होतं, ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. मला बरं वाटलं नाही. मी स्केट्स बांधल्या आणि डावीकडे वळत फेरे मारायला सुरुवात केली.